ग्रंथमैत्री : एक विचार

माणसे एकमेकांजवळ येण्याची कारणे अनेक असतात. शेजार, नाते, नोकरी, वर्गातील एकच बाक यांतून मैत्री जुळते आणि कारण संपले की बहुधा ती सैलही होते. शेजारी घर बदलतो, वर्गमित्र पोटापाण्यासाठी दूर जातो. पुस्तकांच्या आवडीतून जुळलेल्या मैत्रीचे मात्र कारण संपत नाही, कारण वाचावयाचे पुस्तक नेहमीच शिल्लक राहते. अशा दोन मित्रांत पंधरा-वीस वर्षांचा खंड पडला, तरी भेटीत 'कसा आहेस?' या प्रश्नामागोमाग 'सध्या काय वाचतोस?' हा प्रश्न येतोच. असे का घडते, आणि आवडत्या पुस्तकाविषयी मित्राशी कसे बोलावे, याचा थोडा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

प्रथम मराठीतील एक ठळक उदाहरण पाहू. जी. ए. कुलकर्णी (१९२३–१९८७) धारवाडला इंग्रजीचे अध्यापन करीत. सभा-समारंभांपासून ते कटाक्षाने दूर राहत. पण हाच एकांतप्रिय लेखक पत्रांतून मोकळेपणी बोलत असे. सुनीताबाई देशपांडे यांच्याशी त्यांचा जो पत्रव्यवहार झाला, तो आज दोन्ही बाजूंनी छापील स्वरूपात उपलब्ध आहे. जी. एं.च्या निवडक पत्रांचा पहिला खंड सुनीताबाईंना लिहिलेल्या पत्रांचा आहे, आणि सुनीताबाईंची पत्रे 'प्रिय जी. ए.' या नावाने २००३ साली प्रसिद्ध झाली. दोघांच्या प्रत्यक्ष भेटी मोजक्याच. तरीही ही पत्रे वाचताना दोन जुनी माणसे ओसरीवर बसून बोलत आहेत असे वाटते. त्यांचे बोलणे वाचलेल्या पुस्तकांभोवती पुनःपुन्हा फिरते, आणि पुस्तकाच्या निमित्ताने मृत्यू, एकटेपणा, माणसांचे विचित्र स्वभाव असे सारे विषय येऊन जातात. समोरासमोर जे बोलता येत नाही, ते पुस्तकाच्या आडोशाने बोलता येते, हा या पत्रव्यवहाराचा पहिला धडा होय.

जी. एं.ची ही पत्रे ज्यांनी संपादित केली, त्यांत श्री. पु. भागवत व सु. रा. चुनेकर यांच्यासह म. द. हातकणंगलेकर होते. हातकणंगलेकर (१९२७–२०१५) हे सांगलीचे, इंग्रजीचे प्राध्यापक आणि मराठीचे समीक्षक. २००८ साली सांगलीस भरलेल्या ८१व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. जी. एं.चा आणि त्यांचा जुना स्नेह होता. मित्राची पत्रे जपणे, निवडणे आणि पुढच्या पिढीच्या हाती देणे, हेही ग्रंथमैत्रीचेच काम आहे.

थोरामोठ्यांचे उदाहरण दिले की विद्यार्थ्यांना ते आपल्या आवाक्याबाहेरचे वाटते. म्हणून आता एक साधे उदाहरण माझ्या अनुभवातून देतो.

मी सातारा जिल्ह्यातील माण तालुक्याचा. माझा एक मित्र सांगलीचा, कृष्णाकाठचा. महाविद्यालयात असताना कराडच्या एका वक्तृत्व स्पर्धेत आमची ओळख झाली आणि पुढे तीन-चार वर्षे पत्रे चालली. पत्रांचा विषय बहुधा एकच असे, तो म्हणजे व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी'. १९५५ साली प्रसिद्ध झालेल्या या कादंबरीत औंध संस्थानातील एका धनगरवाडीत शाळामास्तर म्हणून गेलेला तरुण आपली हकीकत सांगतो. वाडीत तालीम बांधून होते, राजेसाहेब येऊन जातात, आणि मग दुष्काळ पडून वाडी हळूहळू ओस होते.

या कादंबरीचा प्रदेशही लक्षात घेण्यासारखा आहे. औंध आज सातारा जिल्ह्यात आहे. माडगूळकरांचे माडगुळे आणि त्याचा आटपाडी तालुका पूर्वी औंध संस्थानात होता, तो आज सांगली जिल्ह्यात आहे. सातारा व सांगली हे जिल्हे तरी कुठे जुने वेगळे? १९४९ साली साताऱ्याचे उत्तर व दक्षिण असे दोन भाग झाले आणि १९६० साली दक्षिण साताऱ्यास सांगली हे नाव मिळाले. परंतु खरी सीमारेषा जिल्ह्याची नाही, ती पाण्याची आहे. महाबळेश्वरी उगम पावणारी कृष्णा वाई, कऱ्हाड करीत सांगलीस जाते आणि तिच्या काठी ऊस डोलतो. माण, आटपाडी हा पर्जन्यछायेतील मुलूख माणगंगेचा. ही नदी वर्षातील बराच काळ कोरडी असते आणि तिचे जे पाणी असेल ते भीमेला जाते.

साहजिकच आम्ही दोघे दोन निरनिराळी पुस्तके वाचत होतो. मला शेवटची ओसाड वाडी सर्वांत महत्त्वाची वाटे. मेंढरे हाकीत निघालेली माणसे मी लहानपणी दारावरून जाताना पाहिली होती. मित्राचे म्हणणे असे, की कादंबरीचा प्राण त्या तालमीत आहे. दहा हात एकत्र आले आणि एक वास्तू उभी राहिली, हे खरे. पुढचा दुष्काळ हा केवळ शेवट करण्यासाठी आला आहे. मी रागावून चार पानी उत्तर लिहिले. त्याचे सहा पानी आले. पुढे नोकऱ्या लागल्या, गावे बदलली आणि पत्रे थांबली. भांडण झाले नव्हते. तो विषय तेवढा अर्धा राहिला.

ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेला महापूर आला. सांगलीच्या आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी ४५ फूट मानतात, तेथे पाणी ५७ फुटांच्या वर गेले. सांगली नगर वाचनालयात पाणी शिरून हजारो ग्रंथ भिजल्याची बातमी वाचली आणि मला पहिली आठवण त्या मित्राची झाली. एका परिचिताकडून नंबर मिळवून फोन केला. जवळजवळ पंचवीस वर्षांनी आवाज ऐकत होतो. माणसे सुखरूप होती. खालच्या मजल्यावरची पुस्तके गेली होती, त्यांत मी दिलेली 'बनगरवाडी'ही होती. इतके सांगून झाल्यावर तो थोडा थांबला आणि म्हणाला, "तुझं ते शेवटाचं म्हणणं मला आत्ता कळलं. आम्ही एक बोचकं घेऊन नावेत बसलो, तेव्हा मागं वळून गल्लीकडं पाहिलं. गाव रिकामं होणं म्हणजे काय, ते पुस्तकात वाचलं होतं, पण दिसलं नव्हतं."

नदीकाठच्या माणसाला दुष्काळाची कादंबरी महापुराने समजावून द्यावी, यात आश्चर्य वाटण्याचे कारण नाही. पुस्तक तेच राहते, पण वाचणारा वयाने आणि अनुभवाने बदलतो. म्हणूनच जुन्या मित्राशी जुन्याच पुस्तकाविषयी पुन्हा बोलावे. आपण दोघे किती बदललो, हे मोजण्याचे इतके चांगले माप दुसरे नाही. तालमीविषयी मात्र त्याने हार मानलेली नाही. तो म्हणतो, पुरात गल्लीतली पोरे एकत्र आली, तीच त्याची तालीम. हा वाद अद्याप चालू आहे. आता तो पत्राऐवजी फोनवर चालतो, इतकेच.

या दोन्ही उदाहरणांवरून विद्यार्थ्यांनी ध्यानात घ्यावयाच्या चार गोष्टी अशा :

एक, मित्राला पुस्तक सुचविताना 'छान आहे, जरूर वाच' एवढ्यावर थांबू नये. त्यातील कोणता प्रसंग मनात राहिला ते सांगावे. 'बनगरवाडी' आवडली असे म्हणण्यापेक्षा, बैलाच्या जागी स्वतः जुंपून घेणारी शेकूची बायको विसरता येत नाही असे म्हणावे. मित्राला त्यावर काही तरी उत्तर द्यावेच लागेल.

दोन, तो प्रसंग आपल्यालाच का लागला हे सांगावे. येथे आपले गाव, आपले घर, आपली भीती बोलण्यात येते. परीक्षेच्या उत्तरपत्रिकेत याला जागा नसते, म्हणून मैत्रीत ती ठेवावी.

तीन, मतभेद लपवू नये. केवळ होकार देणाऱ्या दोन वाचकांचे बोलणे दुसऱ्या पत्रालाच संपते. आमचा विषय पंचवीस वर्षे टिकला तो एकमत न झाल्यामुळे.

चार, ग्रंथालयाशी संबंध ठेवावा. घरातील पुस्तक पुरात जाईल, वाळवी खाईल, कोणी नेऊन परत आणणार नाही. त्याची दुसरी प्रत कोठेतरी असावी लागते. आपल्या जिल्ह्यात पाचगणीजवळचे भिलार हे मे २०१७ पासून 'पुस्तकांचे गाव' म्हणून ओळखले जाते. तेथे गावकऱ्यांनी आपल्या राहत्या घरांतून वाचकांसाठी पुस्तके मांडली आहेत. दूरच्या मित्राला भेटावयाचे झाले, तर याहून योग्य जागा क्वचितच सापडेल.

आज फोनमुळे हरवलेला मित्र शोधणे सोपे झाले आहे. अडचण येते ती शोधल्यानंतर. चार दिवस जुने फोटो पाठवून होतात, मुलाबाळांची चौकशी होते आणि पाचव्या दिवशी काय बोलावे ते सुचत नाही. जुन्या आठवणींचा साठा मर्यादित असतो. त्या दोघांनी वाचलेले एखादे पुस्तक मध्ये ठेवले, तर बोलण्याला नवा विषय मिळतो. म्हणून या सुट्टीत प्रत्येकाने एक करावे. पूर्वी कोणाबरोबर तरी वाचलेले एक पुस्तक पुन्हा वाचावे आणि त्या मित्राला त्यातील एका प्रसंगाविषयी पानभर मजकूर लिहून पाठवावा. उत्तर कदाचित लगेच येणार नाही. तोवर त्याच लेखकाचे दुसरे पुस्तक ग्रंथालयातून आणून वाचावयास घ्यावे.