दुखण्याआधीचा दात

दातांच्या उपचाराला विमा नाही, असं आपल्याकडे धरूनच चालावं. बहुतेक आरोग्य विमा पॉलिसी रुग्णालयात भरती झाल्यावरच्या खर्चासाठी असतात. अपघातात जबड्याला मार लागला तर गोष्ट वेगळी. किडलेल्या दाढेचे पैसे मात्र खिशातूनच जातात. म्हणून 'स्वस्तात काम कुठे होईल?' असं जो तो विचारतो. माझ्या मते त्याआधी विचारायला हवं, की आपण दात कुठल्या अवस्थेत घेऊन जातो? कीड वरच्या कठीण कवचात असते तोवर काहीच दुखत नाही. आतल्या थरात उतरली की थंड-गोड झोंबतं; तेव्हाही बहुधा सिमेंट भरून भागतं. नसेपर्यंत पोचली की झोप उडते आणि रूट कॅनाल, वर कॅप करावी लागते. तेही टाळलं तर दात जातो आणि ब्रिज किंवा इम्प्लांटचा खर्च समोर येतो. सगळ्यात फसवा टप्पा म्हणजे ठणका आपोआप थांबतो तो. लवंगेच्या तेलाने गुण आला असं वाटतं. खरं तर अनेकदा नस मेलेली असते आणि जंतुसंसर्ग मुळाशी हाडात पसरत असतो.

वेळेत जायचं ठरवलं, की दंत महाविद्यालयांचा खरा उपयोग होतो. मुंबईत सेंट जॉर्जेस रुग्णालयाच्या आवारात शासकीय आणि मुंबई सेंट्रलला महापालिकेचं नायर, शिवाय नागपूर, छत्रपती संभाजीनगर आणि गोव्यात बांबोळी इथे सरकारी महाविद्यालयं आहेत. खाजगी दंत महाविद्यालयांनाही विद्यार्थ्यांच्या शिक्षणासाठी रुग्ण लागतातच, त्यामुळे तिथले दरही सहसा खाजगी दवाखान्यापेक्षा कमी असतात. आधी केसपेपर काढायचा, मग तपासणी, लागला तर एक्स-रे, आणि नंतर ज्या विभागाचं काम असेल तिथे पाठवतात.

'शिकाऊ पोरांच्या हाती दात कसा द्यायचा?' हा आक्षेप ठरलेला. शंका रास्त आहे, पण अर्धवट माहितीवरची. एमडीएस करणारा विद्यार्थी बीडीएस होऊन आलेला, म्हणजे आधीच दंतवैद्य असतो. बीडीएसचे विद्यार्थी काम करतात ते शिक्षकांच्या देखरेखीखाली. एक टप्पा सरांना दाखवल्याशिवाय पुढचा सुरू करायचा नाही, अशी तिथली रीत. त्यामुळे हात सावकाश चालतो, खुर्चीत जास्त वेळ बसावं लागतं. 'हे काम कोण करणार आणि तपासणार कोण?' असं सरळ विचारावं. त्यात कुणी वाईट वाटून घेत नाही.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: रोजंदारीवर जगणाऱ्याने चार-चार खेपा घालायच्या, तर बुडालेला रोज धरून ते स्वस्त कसं? हे मान्यच करायला हवं. एका फिलिंगसाठी गाडीभाडं आणि खाडा सोसण्यापेक्षा जवळचं जिल्हा किंवा उपजिल्हा रुग्णालय बघावं. अनेक ठिकाणी दंत विभाग असतो. नाहीतर गल्लीतला नोंदणीकृत डॉक्टर गाठावा. चेहऱ्यावर सूज आली, ताप आला किंवा तोंड उघडेनासं झालं, तर पैशांचा हिशेब न करता त्याच दिवशी उपचार घ्यावेत. खाजगीत जाताना कॅपसकट पूर्ण खर्च लिहून घ्यावा आणि मागच्या दाढेला साधी धातूची कॅप चालेल का, हे विचारावं. आणि पहिल्या बैठकीत ठणका थांबला म्हणून रूट कॅनाल अर्धवट सोडू नये. दाढ पुन्हा चिघळते किंवा तुटते, आणि भरलेले पैसे वाया जातात.

हाच हिशेब मुलांपासून मांडावा. सहाव्या वर्षाच्या सुमारास दुधाच्या दाढांच्या मागे कायमची पहिली दाढ येते. तिच्यासाठी कुठलाच दात पडत नाही, म्हणून घरचे तिला दुधाचीच समजतात आणि किडली तरी 'पडेल की' म्हणून सोडून देतात. ती पडत नाही. जन्मभर तिच्यावरच चावायचं असतं. त्या वयात केलेली एक तपासणी पुढच्या कुठल्याही सवलतीपेक्षा स्वस्त पडते.