शिकण्याच्या वाटा अनेक

वाचन : योहान २०:२४-२९



प्रभू उठला आहे, ही वार्ता इतर शिष्यांनी थॉमसला सांगितली. नुसते ऐकून त्याला पटेना. त्याला पाहायचे होते, हात लावायचा होता. आठ दिवसांनी प्रभू आला आणि त्याने थॉमसला आपल्या जखमा दाखवल्या. न पाहता विश्वास ठेवणारे धन्य, हे त्याने सांगितलेच. पण आधी थॉमसला जसे समजेल तसे समजावले.

आपण मुलांशी असे वागतो का? प्रार्थना पाठ झाली नाही की ‘याला डोकेच नाही’ असे आपण चारचौघांत म्हणून टाकतो. तेच मूल वेदीसेवा एकदा पाहून बिनचूक करते. मोहाच्या झाडाखाली आजीबरोबर फिरून जंगलातील भाज्या ओळखते. घरी माडिया किंवा गोंडी बोलणारे मूल मराठी धड्यापुढे गप्प बसते, तेव्हा त्याची बुद्धी नव्हे, भाषा अडलेली असते.

आपल्या गडचिरोली जिल्ह्यातलेच एक उदाहरण पाहू. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ मध्ये येथे काम सुरू केले. न्यूमोनियाने बालके दगावत होती. बाळ मिनिटाला किती श्वास घेते हे मोजले तर आजार वेळीच ओळखता येतो. दोन महिन्यांवरील बाळाचा श्वास पन्नास किंवा अधिक असेल तर तो धोका समजतात. पण गावातील अनेक सुईणींना एवढे आकडे मोजता येत नसत. म्हणून त्यांच्यासाठी एक साधे साधन तयार झाले : एका मिनिटाची वाळूची घडी आणि ओवलेले मणी. दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा. वाळू संपण्याआधी लाल मणी सरकला, तर उपचार हवेत. सुईणींना अडाणी ठरवून बाजूला सारले असते, तर नुकसान बाळांचे झाले असते. जपमाळेचे मणीही आपल्यासाठी हेच करतात. बोटे मोजतात आणि मन प्रार्थनेत राहते.

येथे एक सावधगिरी हवी. मुलांचे ‘पाहून शिकणारे’, ‘ऐकून शिकणारे’, ‘करून शिकणारे’ असे कायमचे गट पाडण्याची कल्पना शाळांमध्ये बरीच पसरली. २००८ मध्ये अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञांनी त्यावरील संशोधन तपासले. अशा गटांनुसार शिकवल्याने मूल जास्त शिकते, याचा पुरेसा पुरावा त्यांना मिळाला नाही. आवड प्रत्येकाची वेगळी असते, हे खरे. पण त्या सुईणींनी डोळे, कान आणि हात तिन्ही वापरले. म्हणून मुलावर शिक्का मारू नये. एका वाटेने समजले नाही, तर दुसरी वाट दाखवावी. प्रभूनेही पेरणाऱ्याचा दाखला सांगितला, भाकर मोडून दिली आणि शिष्यांचे पाय स्वतः धुतले.

घरी विचार करू या :
१. आपल्या मुलाला कोणती गोष्ट सहज येते? ती कशी शिकला, हे आपण त्याला कधी विचारले का?
२. या आठवड्यात एक प्रार्थना त्याला म्हणून, चित्र काढून आणि कृतीतून शिकवता येईल का?
३. ‘मठ्ठ’ हा शब्द आपण घरातून काढून टाकू का?

प्रार्थना : हे प्रभू, थॉमसला तू धीराने समजावलेस. आमच्या लेकरांना शिकवताना तोच धीर आम्हाला दे. आमेन.