सोनोग्राफी तपासणी : रुग्ण व नातेवाइकांनी जाणून घ्यावयाच्या गोष्टी

सौंदड परिसरातील रुग्ण सोनोग्राफीसाठी येतो, तेव्हा बहुधा एका दिवसाची मजुरी बुडवून येतो. रोवणीच्या वा धानकापणीच्या दिवसांत सोबतच्या नातेवाइकाचीही मजुरी बुडते. अशा वेळी केवळ सकाळी चहा घेतला म्हणून तपासणी दुसऱ्या दिवसावर ढकलावी लागली, तर त्या कुटुंबाइतकेच आम्हांसही वाईट वाटते. म्हणून ही माहिती येथे देत आहोत.

मनुष्याच्या कानाला सेकंदाला सुमारे २० हजार कंपनांपर्यंतचा ध्वनी ऐकू येतो. पोटाच्या सोनोग्राफीत साधारणतः २० ते ५० लाख कंपनांच्या लहरी वापरल्या जातात. या लहरी अवयवांवर आदळून परत येतात व त्यांपासून पडद्यावर चित्र तयार होते. यात क्ष-किरण नसतात, सुई नसते व वेदनाही होत नाहीत. ग्लासगो येथील डॉ. इयान डोनाल्ड यांनी धातूतील दोष शोधण्याच्या यंत्रापासून प्रेरणा घेऊन ही पद्धत विकसित केली व १९५८ साली आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. जठराचा असाध्य कर्करोग ठरवलेल्या एका स्त्रीच्या पोटात प्रत्यक्षात बीजांडकोशाची मोठी गाठ असल्याचे या तपासणीत दिसले. शस्त्रक्रियेने ती गाठ काढल्यावर ती स्त्री बरी झाली.

हवेतून या लहरी पुढे जात नाहीत. त्वचेवर जेल लावतात ते मधली हवा दूर करण्यासाठीच. पोटात वायू असेल तर स्वादुपिंडासारखे अवयव झाकले जातात, आणि दुधाचा चहा वा अन्न घेतल्यास पित्ताशय आकुंचन पावते, मग त्यातील खडे नीट दिसत नाहीत. म्हणून पोटाच्या तपासणीपूर्वी सहा ते आठ तास काही खाऊ नये. मधुमेही रुग्णांनी नाव नोंदवतानाच तसे सांगावे आणि उपाशीपोटी गोळी वा इन्सुलिन घ्यावे की नाही, हे डॉक्टरांना विचारावे. ओटीपोटाच्या तपासणीसाठी मूत्राशय भरलेले हवे. त्यासाठी तासभर आधी चार-पाच पेले पाणी प्यावे व लघवीस जाऊ नये. गर्भवतीने उपाशी राहण्याची गरज नाही. तातडीच्या रुग्णाने तर कोणत्याही पूर्वतयारीसाठी थांबूच नये.

आपल्या पूर्व विदर्भात सिकलसेलचे रुग्ण बरेच आढळतात. या आजारात तांबड्या पेशी लवकर नष्ट होत असल्याने कमी वयातही पित्ताशयात खडे होऊ शकतात. लहान मुलांत प्लीहा वाढू शकते. म्हणून सिकलसेलचे कार्ड व जुने अहवाल अवश्य सोबत आणावेत. आधीच्या मापाशी तुलना केल्यावरच आजचे माप काय सांगते ते कळते.

‘सोनोग्राफी नॉर्मल आली, म्हणजे आजार नाही’ असा समज मात्र करून घेऊ नये. आतड्यांतील अनेक विकार व हाडांच्या आतील दोष या तपासणीत दिसत नाहीत. अहवाल हा निदानाचा एक भाग आहे. तो आपल्या डॉक्टरांना दाखविल्याशिवाय औषध बंद करू नये.

शेवटची गोष्ट आम्ही हात जोडून सांगतो. गर्भ मुलाचा की मुलीचा, हे कोणीही विचारू नये. गर्भलिंगनिदानास आळा घालणारा कायदा देशात सर्वप्रथम महाराष्ट्राने १९८८ साली केला. केंद्राचा कायदा १९९४ साली आला व २००३ साली तो अधिक कडक झाला. लिंग सांगणे हा गुन्हा आहे, तसेच त्यासाठी तपासणी करवून घेणाऱ्या नातेवाइकांनाही तीन वर्षांपर्यंत कारावास व दंड होऊ शकतो. तरीही राज्यात सहा वर्षांखालील दर हजार मुलांमागे मुलींची संख्या १९९१ साली ९४६ होती, ती २००१ मध्ये ९१३ व २०११ मध्ये ८९४ झाली. गर्भवतीची सोनोग्राफी बाळाची वाढ, व्यंग, वार व गर्भजल पाहण्यासाठी असते. साधारणतः १८ ते २० आठवड्यांची तपासणी चुकवू नये, कारण व्यंग वेळेत कळले तर पुढील उपचारांचा विचार करता येतो.

उपाशी पोट, पुरेसे पाणी, जुने कागद आणि मनातील शंका, एवढी शिदोरी रुग्णाने सोबत आणावी. त्याचा दिवस वाया जाणार नाही आणि देणगीदारांच्या साहाय्याने चालणाऱ्या अशा सेवेचेही सार्थक होईल, असा आम्हांस विश्वास वाटतो.