सुटीनंतरचा पहिला दाखला : इंकजेट प्रिंटरच्या बिघाडाचे निदान

विदर्भातील शाळा उन्हाळ्याच्या सुटीनंतर राज्याच्या इतर भागांपेक्षा उशिरा, जूनअखेरच्या सुमारास उघडतात. खामगाव तालुक्यातील पिंपळगाव राजासारख्या गावात त्या दिवसांत शाळा सोडल्याच्या दाखल्यांची निकड असते. नेमक्या त्याच वेळी, सुटीभर झाकून ठेवलेला इंकजेट प्रिंटर कोरा कागद बाहेर टाकतो. मग घाईने नवी शाई मागविली जाते आणि पुष्कळदा दोष तसाच राहतो. कारण शाई संपलेली नसते, ती वाटेत वाळलेली असते.

या यंत्राची रचना समजली की निदान सोपे होते. प्रिंटरच्या हेडमध्ये केसाहूनही बारीक अशी शेकडो छिद्रे म्हणजे नोझल असतात. काही यंत्रांत विद्युतप्रवाहाने शाई क्षणार्धात तापते, बुडबुडा तयार होतो आणि थेंब बाहेर फेकला जातो. १९७७ मध्ये जपानमधील कॅनन कंपनीत तापलेली डाग देण्याची सळई शाईच्या सुईला लागून शाई उडाली, त्या निरीक्षणातून ही पद्धत विकसित झाली. दुसऱ्या प्रकारात विजेने आकार बदलणारा स्फटिक शाईला ढकलतो. दोन्हींत छिद्र मोकळे राहणे आवश्यक असते. बुलढाणा जिल्ह्याच्या सखल भागात मे महिन्यात पारा ४० अंशांच्या वर जातो. अशा कोरड्या हवेत छिद्रावरील शाई घट्ट होते.

बिघाड शोधताना बिनखर्चाच्या तपासणीपासून प्रारंभ करावा.

प्रथम, वीज, केबल, कागद आणि संगणकावर निवडलेला प्रिंटर तपासावा. अडकून राहिलेली जुनी कामे यादीतून काढून टाकावीत व दोन्ही यंत्रे पुन्हा सुरू करावीत.

दुसरे, प्रिंटरवरूनच नोझल तपासणीचा नमुना छापावा. नमुना पूर्ण उमटल्यास हेड निर्दोष असून दोष संगणकात किंवा कागदात शोधावा. रेघा तुटक असल्यास नोझल बंद आहेत. देवनागरी मजकुरात हा दोष लवकर ओळखू येतो : पांढरा पट्टा शिरोरेषेवर आल्यास शब्द वरून कापल्यासारखा दिसतो. उभे दंड दुहेरी उमटत असतील, तर हेडची जुळणी करावी.

तिसरे, शाईची पातळी पाहून यंत्रातील साफसफाईची सोय एकदा वापरावी व नमुना पुन्हा छापावा. दोन-तीन वेळा करूनही फरक न पडल्यास यंत्र सुमारे बारा तास स्वस्थ ठेवावे. वारंवार साफसफाई केल्याने शाई वाया जाते. ती आतील शोषक गादीत साठते, आणि गादी भरल्याची नोंद झाली की यंत्र कामच थांबविते.

चौथे, कार्ट्रिजमध्येच हेड असल्यास ऊर्ध्वपातित पाण्याने ओलसर केलेल्या, धागे न सुटणाऱ्या कापडावर ते हलकेच टेकवावे. विहिरीचे किंवा बोअरचे पाणी वापरू नये. पूर्णा खोऱ्यातील खारपाणपट्टा जवळ असलेल्या या परिसराला पाण्यातील क्षारांची वेगळी ओळख करून देण्याची गरज नाही. तेच क्षार नोझलमध्ये बसतात. असे कार्ट्रिज बदलले की हेडही नवे येते. मात्र शाईच्या टाक्या असलेल्या काही यंत्रांत हेड कायमचे बसविलेले असते. तेथे घरगुती प्रयोग न करता तंत्रज्ञास बोलवावे.

पावसाळ्यात कागद दमट होऊन एकमेकांस चिकटतो व शाई पसरते; म्हणून तो बंद पाकिटात ठेवावा. अडकलेला कागद यंत्र बंद करून, तो ज्या दिशेने सरकतो त्याच दिशेने सावकाश ओढावा.

तथापि, दुरुस्तीपेक्षा दोन सवयी अधिक उपयोगी ठरतात. पहिली, प्रिंटर नेहमी त्याच्या स्वतःच्या बटणाने बंद करावा. तसे केल्यावर हेड आपल्या जागी जाऊन झाकणाखाली बसते. भिंतीवरील बटण मध्येच बंद केले किंवा छपाई चालू असताना वीज गेली, तर हेड उघडेच राहू शकते. वीज आल्यावर यंत्र सुरू करून ते पुन्हा रीतसर बंद करणे इष्ट होय. दुसरी, आठवड्यातून एकदा सर्व रंगांचे एक पान छापावे. सुटीच्या काळात ही जबाबदारी शाळेत वा ग्रामपंचायत कार्यालयात एका व्यक्तीकडे नेमून देता येईल.

रिकामी कार्ट्रिज उकिरड्यावर टाकू नयेत. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांत प्रिंटरबरोबर कार्ट्रिजचाही समावेश आहे.

आठवड्याच्या एका पानाला लागणारी शाई अत्यल्प असते. ते पान छापले गेले नाही, तर जूनअखेरीस एखाद्या विद्यार्थ्याच्या पालकाला मजुरी बुडवून दाखल्यासाठी दुसरी खेप घालावी लागते. यंत्राची निगा हा म्हणूनच सेवेचाच एक भाग मानला पाहिजे.