पहिलीच चोरी: तुरुंग की सुधारण्याची संधी?

प्रश्न: माझ्या २० वर्षांच्या भाच्याने मोबाइल चोरला. वकील म्हणतात, प्रोबेशन मिळेल. म्हणजे गुन्हा माफच ना? मग अद्दल कशी घडणार?
– एक मामा, भांडुप

उत्तर: मामा, ही माफी नव्हे. १९५८च्या परिवीक्षा (प्रोबेशन) कायद्यात दोष सिद्ध होतो, शिक्षा तेवढी थांबते. चांगल्या वर्तणुकीचे बंधपत्र मोडले, तर ती भोगावी लागू शकते. चोरीसारख्या गुन्ह्यात २१ वर्षांखालच्याला तुरुंगात धाडायचे, तर न्यायाधीशांना कारणे लिहावी लागतात. वय मात्र निकालाच्या दिवशीचे धरतात, म्हणून खटला लांबू नये यासाठी एकही तारीख चुकवू नका. परिवीक्षा अधिकारी चौकशीला घरी आले, तर काही लपवू नका. त्यांच्या अहवालाला वजन असते. न्यायालय नुकसानभरपाईही द्यायला लावू शकते. अद्दल हवीच, पण सराईतांच्या संगतीत पोरगा सुधारेल, असे मला मुळीच वाटत नाही. धीर सोडू नका, त्याला कामाला लावा.