आठ दिवसांचे मोल

कॅनडाच्या नकाशात रॉकी पर्वताच्या पूर्वेस विस्तीर्ण मैदाने दिसतात. मॅनिटोबा, सस्कॅचवान आणि अल्बर्टा या तीन प्रांतांत ती पसरली आहेत. तेथील हिवाळा दीर्घ व कडक असतो. भूमी कित्येक महिने बर्फाखाली झाकलेली असते. मग अशा प्रदेशात पिके येतात तरी कशी?

निसर्गाने तेथे थंडी दिली, तसा उन्हाळ्यात भरपूर प्रकाशही दिला आहे. जून महिन्यात तेथील दिवस 16 तासांहून मोठा असतो. या प्रकाशात गहू, सातू, ओट, जवस व वाटाणा ही पिके झपाट्याने वाढतात. परंतु अवधी थोडा! बर्फ वितळले की पेरणी आणि शरदातील दंव गोठू लागण्यापूर्वी कापणी, असा शेतकऱ्याचा नेम. दाणा चिकात असतानाच दंव गोठले, तर तो सुरकुततो आणि वर्षाचे कष्ट एका रात्रीत वाया जातात.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तेथे 'रेड फाइफ' नावाचा गहू पेरीत असत. त्याचा पाव उत्तम होई; पण तो उशिरा पिके. म्हणून सरकारी प्रयोगशेतांचे प्रमुख विल्यम साँडर्स यांनी देशोदेशींचे वाण मागविले. त्यांत भारतातून गेलेला 'हार्ड रेड कलकत्ता' हा गहू होता. तो लवकर पिके, परंतु उतारा कमी देई. 1892 मध्ये त्यांचे पुत्र पर्सी यांनी या दोन वाणांचा संकर केला.

पुढे दुसरे पुत्र चार्ल्स यांनी 1903 पासून त्या संकराच्या संततीतून उत्तम रोपे निवडण्यास आरंभ केला. ते दाणे स्वतः चावून पाहत. चघळता चघळता त्यांचा चिवट गोळा झाला, तर पाव चांगला फुगेल, हे ते ओळखीत. अशा निवडीतून 'मार्क्विस' गहू हाती आला. तो 'रेड फाइफ'पेक्षा सुमारे आठ दिवस आधी पिके आणि त्याचा पावही सरस होई. 1909 मध्ये त्याचे बियाणे शेतकऱ्यांना मिळू लागले. 1920 च्या सुमारास त्या मैदानांतील बहुतेक गहू याच वाणाचा होता.

आज त्याची जागा नव्या वाणांनी घेतली आहे. तथापि त्यांतील अनेकांच्या वंशात 'मार्क्विस' आहेच. मुलांनो, आठ दिवस ही मुदत ती केवढी! पण संकरापासून बियाणे शेतकऱ्याच्या हाती पडेपर्यंत 17 वर्षे लोटली. त्या आठ दिवसांनी असंख्य शेतकऱ्यांचे उभे पीक गोठण्यापासून वाचविले, आणि त्यांत आपल्या उष्ण देशातील एका गव्हाचाही वाटा होता.