लासलगाव ते ढाका

मुलांनो, कांद्यावर धडा असू शकतो का? गुलाबावर असतो, आंब्यावर असतो, नदीवर तर असतोच. बिचाऱ्या कांद्याच्या वाट्याला फक्त डोळ्यांतले पाणी येते. पण दोन शेजारी देशांचा व्यापार कसा चालतो, तो कशाने वाढतो आणि कशाने अडतो, हे समजून घ्यायचे असेल तर कांद्यासारखा शिक्षक मिळणार नाही.

आमच्या मालेगावापासून लासलगाव फार दूर नाही. नाशिक जिल्ह्यातील निफाड तालुक्यातले हे गाव कांद्याच्या बाजारासाठी देशभर प्रसिद्ध आहे. सकाळी बाजार समितीच्या आवारात ट्रॅक्टरांच्या रांगा लागतात. व्यापारी एकेका ट्रॉलीजवळ येतात, चार कांदे हातात घेऊन दाबून पाहतात आणि बोली सुरू होते. दोनतीन मिनिटांत शेतकऱ्याच्या कित्येक महिन्यांच्या कष्टाचा भाव ठरतो. शेतकरी ट्रॉलीजवळ उभा असतो. तो काही बोलत नाही. त्याच्या चेहऱ्यावरून भाव कळतो.

इथला उन्हाळी कांदा टिकाऊ असतो. चाळीत नीट साठवला तर तो चारपाच महिने राहतो. पावसाळ्यात लावलेला लाल कांदा मात्र फार दिवस टिकत नाही. तो काढला की लवकर विकावा लागतो. ही गोष्ट लक्षात ठेवा. पुढे तिचे काम पडणार आहे.

लासलगावचा कांदा श्रीलंका, मलेशिया, आखाती देश अशा अनेक ठिकाणी जातो. पण त्याचे सर्वांत मोठे गिऱ्हाईक बहुतेक वर्षी आपला शेजारी बांगलादेश असतो. तिथे कांदा पिकत नाही असे समजू नका. पाबना, फरीदपूर, राजबाडी या जिल्ह्यांत तो भरपूर पिकतो. परंतु सतरा कोटी लोकांना तो वर्षभर पुरत नाही. तिथे माशाच्या कालवणाला कांदा लागतो, बिर्याणीला लागतो, भर्त्याला तर कच्चाच लागतो. कमी पडलेला कांदा जवळच्या देशातून आणणे सोईचे असते. लांबून जहाजाने आणायचा तर वेळ जातो आणि भाडेही वाढते.

आता आपण कांद्याबरोबर प्रवासाला निघू. आमच्या शाळेतील नववीच्या एका मुलाचे अब्बा ट्रक चालवतात. त्यांनी अनेक वेळा हा प्रवास केला आहे. त्यांनीच मला सारा रस्ता सांगितला. धुळे, जळगाव, अमरावती, नागपूर, रायपूर, संबलपूर, खरगपूर आणि मग कोलकाता. कोलकात्याच्या पुढे सुमारे ऐंशी किलोमीटरवर पेट्रापोल आहे. तिथे भारत संपतो. पलीकडचे गाव बेनापोल. म्हणजे लासलगावापासून सुमारे दोन हजार किलोमीटरचा रस्ता झाला. मालदा जिल्ह्यातील महदीपूर, दिनाजपूरकडचे हिली अशा दुसऱ्या वाटांनीही कांदा जातो. पण पेट्रापोल हे भारताचे सर्वांत मोठे जमिनीवरचे बंदर मानले जाते.

जमिनीवरचे बंदर! हा शब्द ऐकून तुम्हाला हसू येईल. मलाही आले होते. पण जिथे परदेशाशी मालाची ये-जा होते आणि सरकारी तपासणी होते, ते बंदर. तिथे समुद्र असलाच पाहिजे असे नाही.

"सर, दोन हजार किलोमीटर गाडी चालवायला मला चारपाच दिवस लागतात," मुलाचे अब्बा म्हणाले, "आणि शेवटचा एक किलोमीटर पार करायलाही कधी कधी तेवढेच दिवस लागतात."

मला ही अतिशयोक्ती वाटली. पण पुढे जागतिक बँकेच्या २०२१ सालच्या अहवालातील आकडे माझ्या वाचनात आले. पेट्रापोल-बेनापोलची सीमा ओलांडायला मालाला १३८ तास लागतात, असे त्यात म्हटले होते. म्हणजे पावणेसहा दिवस! त्यांतील २८ तास तर एका ट्रकमधला माल उतरवून दुसऱ्या ट्रकमध्ये भरण्यात जात होते. पूर्व आफ्रिकेत एवढीच वर्दळ असलेली सीमा सहा तासांच्या आत पार होते, असेही त्या अहवालात होते.

एवढा वेळ कशात जातो? कांदा रोगमुक्त असल्याचे कृषी खात्याचे प्रमाणपत्र पाहिले जाते. पैसे मिळण्याची हमी देणारे बँकेचे पतपत्र पाहिले जाते. वजन होते, शुल्क भरले जाते, शिक्के बसतात. मग आपला ट्रक बेनापोलच्या आवारापर्यंत जातो आणि तिथेच थांबतो. पुढे त्याला परवानगी नसते. हमाल गोण्या उतरवतात आणि बांगलादेशी ट्रकमध्ये भरतात. तो ट्रक मग ढाक्याला निघतो. पूर्वी वाटेत पद्मा नदी बोटीने ओलांडावी लागे आणि तिथेही ट्रकांच्या रांगा लागत. जून २०२२ मध्ये पद्मेवरचा सहा किलोमीटरहून अधिक लांबीचा पूल सुरू झाला आणि तो त्रास बराच कमी झाला.

इथे थोडे विषयांतर करतो. बेनापोलच्या हमालांशी बोलताना मुलाच्या अब्बांना फारशी अडचण आली नाही. त्यांना बंगाली येत नाही. पण हमाल 'पेंयाज' म्हणत होते आणि आपण उर्दूत 'प्याज' म्हणतो. आपले दुकान त्यांचे 'दोकान', आपला हिशेब त्यांचा 'हिशाब', आपला दलाल त्यांचा 'दालाल'. बाजार तर बाजारच! मराठीतले व्यापाराचे शब्द आठवून पाहा : माल, वजन, नफा, रक्कम, कर्ज, जमा, खर्च, हमाल. यांतला एकही शब्द तुम्हाला नवा वाटणार नाही. अरबी-फारसीतून आलेले हे शब्द मराठीच्या घरात केव्हाच मुरले. शब्दांना कुठल्या सीमेवर थांबावे लागले नाही.

'जकात' या शब्दाने मात्र तुमची फसगत होईल. उर्दूत जकात म्हणजे गरिबांच्या हक्काचे दान. मराठीत जकात म्हणजे मालावरचा कर. पूर्वी आपल्या शहरांच्या वेशीवर जकात नाके असत. २०१७ मध्ये वस्तू व सेवा कर आला आणि मुंबईचे जकात नाकेही गेले. पण देशाच्या वेशीवर असा कर अजून असतो. बाहेरून येणाऱ्या मालावर आयात शुल्क आणि कधी कधी बाहेर जाणाऱ्या मालावर निर्यात शुल्क.

आता मूळ गोष्टीकडे वळू. २०१९ च्या सप्टेंबरमध्ये आपल्याकडे पावसाने पिकाचे नुकसान झाले. शहरांत कांदा महागला. तेव्हा २९ सप्टेंबरला भारत सरकारने कांद्याची निर्यात बंद केली. त्यानंतर काही दिवसांतच बांगलादेशाच्या तेव्हाच्या पंतप्रधान शेख हसीना दिल्लीला आल्या होत्या. भर सभेत त्या हसत हसत म्हणाल्या, की मी माझ्या स्वयंपाक्याला कांदा न घालता स्वयंपाक करायला सांगितले आहे; निदान आधी कळवले असते तर आम्ही दुसरीकडून सोय केली असती. सभेत हशा पिकला. पण ढाक्यातील सामान्य माणसाला हसू येण्यासारखी स्थिती नव्हती. नोव्हेंबरमध्ये तिथे कांदा किलोला दोनशे टाकांच्या वर गेला. शेवटी विमानाने कांदा आणावा लागला. कांदा विमानात बसला, हे ऐकून आमच्या वर्गातील मुले खूप हसली होती.

पुढच्याच वर्षी पुन्हा तसेच घडले. १४ सप्टेंबर २०२० रोजी निर्यातबंदी आली आणि सीमेवर पोहोचलेले ट्रक जागच्या जागी थांबले. मुलाचे अब्बा तेव्हा बनगावजवळ रांगेत उभे होते. ते म्हणाले, "सर, तिसऱ्या दिवशी वास यायला लागला. पाचव्या दिवशी गोण्यांतून पाणी गळायला लागले. मी ताडपत्री काढली, वारा लागावा म्हणून. तेवढ्यात पाऊस आला. ताडपत्री घातली की कांदा आत सडतो, काढली की भिजतो. रात्रभर मी ताडपत्रीच काढत-घालत बसलो." काही दिवसांनी सरकारने बांगलादेशासाठी २५ हजार टन कांदा सोडण्याची परवानगी दिली. पण तोवर त्यांच्या गाडीतला निम्माअधिक माल गेला होता. उरलेला त्यांनी मालकाला विचारून तिथल्याच बाजारात मिळेल त्या भावाने दिला. बंदी उठली ती १ जानेवारी २०२१ पासून.

यात चूक कोणाची? हा प्रश्न मी वर्गात विचारला, तेव्हा मुलांचे दोन गट पडले. एक मुलगा म्हणाला, "आपल्याच लोकांना कांदा महाग मिळत असेल तर बाहेर का पाठवायचा?" त्याचे म्हणणे चुकीचे नाही. कोणत्याही सरकारला आधी आपल्या लोकांच्या ताटाकडे पाहावे लागते. दुसरा मुलगा शेतकऱ्याच्या घरातला होता. तो म्हणाला, "भाव पडतो तेव्हा आमच्याकडे कोणी पाहत नाही. भाव चढला की लगेच दार बंद!" त्याचेही म्हणणे चुकीचे नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये कांद्यावर ४० टक्के निर्यात शुल्क बसले, तेव्हा नाशिक जिल्ह्यातील बाजारांत लिलाव बंद पडले होते. डिसेंबर २०२३ मध्ये पुन्हा निर्यातबंदी आली आणि ती मे २०२४ पर्यंत राहिली. निर्यात शुल्क पूर्णपणे हटले ते एप्रिल २०२५ मध्ये.

पलीकडेही असेच आहे. २०२३ च्या मार्चमध्ये बांगलादेशाने कांद्याचे आयात परवाने देणे थांबवले होते, कारण तिथला नवा कांदा तेव्हाच बाजारात आला होता. भारताचा स्वस्त कांदा आला असता तर पाबनाच्या शेतकऱ्याचे नुकसान झाले असते. जूनमध्ये भाव चढले आणि परवाने पुन्हा सुरू झाले.

माझ्या मते शुल्क असणे ही फार मोठी अडचण नाही. शुल्क किती ते ठाऊक असेल तर व्यापारी हिशेब करतो, परवडले तर माल पाठवतो, नाहीतर नाही. शेख हसीनांची तक्रारही बंदीपेक्षा आधी न कळवण्याची होती. दार रात्रीतून बंद होते, तेव्हा कांदा वाटेत असतो. आणि लाल कांदा थांबत नाही.

शेजारी देशांनी एकत्र बसून असे नियम ठरवावेत, म्हणून १९८५ मध्ये ढाक्यातच 'सार्क' या संघटनेची स्थापना झाली. भारत, पाकिस्तान, बांगलादेश, नेपाळ, भूतान, श्रीलंका आणि मालदीव हे तिचे पहिले सदस्य. अफगाणिस्तान २००७ मध्ये आला. आपसातले शुल्क कमी करण्याचा 'साफ्टा' करार २००४ मध्ये झाला आणि २००६ पासून लागू झाला. त्याअन्वये २०११ मध्ये भारताने दारू व तंबाखू सोडून बांगलादेशाच्या जवळजवळ सर्व मालावरचे शुल्क काढून टाकले. त्याचा उपयोग झाला. तरीही दक्षिण आशियातील देशांचा आपसातील व्यापार त्यांच्या एकूण व्यापाराच्या जेमतेम पाच टक्के आहे. आग्नेय आशियातील 'आसियान' देशांत हे प्रमाण वीस टक्क्यांच्या वर आहे. भारत आणि पाकिस्तान यांच्यातील व्यापार तर २०१९ पासून जवळजवळ थांबला आहे. राजकारण बिघडले की पहिला फटका ट्रकला बसतो.

कापडाचेही तसेच. आपल्या देशातील कापूस आणि सूत बांगलादेशात जाते. तिथे त्याचे कपडे शिवले जातात आणि जगभर विकले जातात. काही परत आपल्याकडेही येतात. एप्रिल २०२५ मध्ये बांगलादेशाने जमिनीवरच्या बंदरांतून भारतीय सूत घेणे थांबवले. मे महिन्यात भारताने तिथले तयार कपडे जमिनीवरच्या बंदरांतून घेणे थांबवले. ते फक्त कोलकाता आणि आपल्या न्हावा शेवा या समुद्री बंदरांतून येतील, असे ठरवले. जो सदरा पेट्रापोलच्या फाटकातून आला असता, तो समुद्राने अर्ध्या हिंदुस्थानाला वळसा घालून येणार.

आणि दुसरीकडे मेघालयात कालाईचर नावाचे एक छोटे ठिकाण आहे. गारो टेकड्यांच्या पायथ्याशी पूर्वी आठवडी बाजार भरत. डोंगरातले लोक खाली येत, मैदानातले लोक वर जात. १९४७ च्या फाळणीनंतर मध्ये सीमा आली आणि हे बाजार मोडले. जुलै २०११ मध्ये दोन्ही सरकारांनी मिळून कालाईचरला सीमेवरच एक हाट, म्हणजे बाजार, सुरू केला. आसपासच्या पाच किलोमीटरमधील लोकांनी यायचे, भाजी, फळे, बांबूच्या वस्तू असा आपल्या भागातला माल आणायचा. रुपयाही चालेल, टाकाही चालेल. खरेदीला मर्यादा आहे, पण शुल्क नाही. असे हाट पुढे त्रिपुरातही उघडले. कोरोनाच्या साथीत २०२० मध्ये ते बंद पडले, नंतर त्यांतील काही पुन्हा भरू लागले. देशांच्या व्यापारात या बाजारांची उलाढाल अगदी किरकोळ. तिथे लोक नुसते खरेदीला येत नाहीत, पलीकडच्या नातेवाइकांनाही भेटतात.

मुलाचे अब्बा अजूनही ट्रक चालवतात. गेल्या महिन्यात ते शाळेत आले होते. "आता बांगलादेशचा कांदा भरता का?" मी विचारले.

"भरतो ना, सर. पण आधी व्यापाऱ्याला विचारतो, परवाना कोणत्या तारखेपर्यंत आहे? आणि एक नवी ताडपत्री घेतली आहे. तिला दोन्ही बाजूंनी जाळी लावून घेतली. पाऊस आत येत नाही, वारा येतो."